न उघडणारा साचा

“त्यात काय एवढं? साच्यात रस ओतायचा, गार झाला की काढायचा. साखरगाठी करतात तसंच की.”

2009 च्या दिवाळीत इचलकरंजीहून आप्पा फोनवर असं म्हणाले. आमच्या पेटंटचा अर्ज त्याच आठवड्यात दाखल झाला होता आणि मी मोठ्या आनंदाने त्यांना ते सांगत होते. दोन वर्षांनी अमेरिकी पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांचं पत्र आलं. भाषा कायद्याची होती, पानं चौदा होती, पण म्हणणं आप्पांचंच होतं. यात सहज सुचणार नाही असं काय आहे?

मी पॉलिमरची इंजिनिअर. न्यू हॅम्पशर राज्यात, मेरिमॅक नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान कारखान्यात काम करते. आम्ही आकड्यांची, म्हणजे बारीक हुकांची, पट्टी बनवतो. बुटांना, बॅगांना, लहान मुलांच्या डायपरला जी ‘वेल्क्रो’ म्हणून लावलेली असते, त्या जोडीतली खरखरीत बाजू. वेल्क्रो हे खरं तर एका मोठ्या कंपनीचं नाव. आमच्यासारखे लहान उत्पादक त्या वस्तूला नुसतं ‘हूक टेप’ म्हणतात. इथलं जवळचं मोठं शहर मँचेस्टर. अमॉस्केग कंपनीच्या लाल विटांच्या सुती गिरण्या तिथे नदीकाठाने अजून उभ्या आहेत. 1930 च्या दशकात त्या बंद पडल्या. ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणवणाऱ्या गावातली मुलगी या मँचेस्टरजवळ येऊन राहिली आणि कापडाच्याच नात्यातलं काम करते, याचं आप्पांना फार अप्रूप. त्यांचे स्वतःचे सहा माग होते.

या पट्टीचा जन्मही मागावरचाच. जॉर्ज द मेस्त्राल हे स्विस इंजिनिअर 1941 साली कुत्र्याला घेऊन आल्प्समध्ये फिरून आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना बर्डॉकची बोंडं चिकटली होती. आपल्याकडचं कुसळ टोचून अडकतं. हे बोंड आकडा टाकून अडकतं. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरून पाहिलं. पुढे नायलॉनचे फास विणायचे, उष्णतेने त्यांना आकार धरायला लावायचा आणि प्रत्येक फास एका बाजूला कापायचा, की त्याचा आकडा होतो, अशी रीत त्यांनी बसवली. अमेरिकी पेटंट मिळायला 1955 साल उजाडलं. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, “पण फास एकाच बाजूला, एकाच उंचीवर कापणार कसा?” द मेस्त्राल नेमके तिथेच अडले होते.

आमचा आकडा विणलेला नसतो, ओतलेला असतो. 1988 साली फिशर यांना मिळालेलं पेटंट, क्रमांक 4794028, या धंद्यातल्या माणसांना पाठ असतं. पातळ गोल चकत्या एका आसावर खेटून रचायच्या. चकत्यांच्या कडेला आकड्याच्या आकाराच्या खाचा कोरलेल्या. सगळ्या मिळून एक रूळ होतो, तो आतून गार ठेवायचा. वितळलेलं प्लास्टिक या रुळाच्या आणि दाब देणाऱ्या दुसऱ्या रुळाच्या मधे दाबलं की रस खाचांत शिरतो आणि वर उरलेला पातळ थर पट्टीचा तळ होतो. पट्टी साच्याच्या रुळाला बिलगून काही अंतर जाते आणि मग सोलून निघते.

साखरगाठीशी फरक पडतो तो इथे. साखरगाठीचा लाकडी साचा दोन फळ्यांचा असतो. गाठी घट्ट झाल्या की फळ्या वेगळ्या करायच्या. आमचा साचा उघडतच नाही. आकडा वाकडा, त्याची खाचही वाकडी, आणि तरी तो ओढूनच बाहेर काढायचा. निघताना आकडा क्षणभर सरळ होतो आणि सुटल्यावर पुन्हा वळतो. उंची अर्ध्या मिलिमीटरहून कमी, एका चौरस सेंटिमीटरवर दोनशेच्या आसपास आकडे, आणि यंत्र सतत पळतं आहे. गरम असताना ओढलं तर सरळ झालेला आकडा सरळच राहतो. फार गार करून ओढलं तर टोक तुटून खाचेत अडकतं आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात त्या जागी पट्टी टकली निघते. आमच्याकडे यावर एकच उपाय चालत आला होता: नीट गार होऊ द्या, यंत्र सावकाश चालवा.

2009 च्या जानेवारीत एका रात्री बाहेर उणे वीस तापमान होतं. ज्या रुळावरून पट्टी वळून साच्यापासून सुटते त्या सोलणाऱ्या रुळाची पाण्याची नळी गोठली आणि तो रूळ हळूहळू तापू लागला. रात्रपाळीच्या ऑपरेटरने यंत्र बंद केलं नाही, कारण पुन्हा सुरू करायला चार तास लागतात आणि मिस्त्री यायचा होता. त्याने दर वीस मिनिटांनी रुळाचं तापमान घेतलं, पट्टीचा तुकडा कापला, मागे वेळ लिहिली आणि तुकडा डब्यात टाकला. नोंदवहीत त्याच्या अक्षरात आहे: आधी दोन तास माल बिघडत गेला, आकडे आडवे पडले. मग एकदम सुधारला, रोजच्यापेक्षाही चांगला झाला.

सकाळी ते तुकडे मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पुढे आठ महिने आम्ही दोघांनी त्यावर काम केलं. आम्हाला उमगलं ते असं. साच्याचा रूळ गार आणि पट्टीची पाठ पुरेशी गरम असेल, तर आकड्याचं डोकं घट्ट होतं पण मूळ लवचीक राहतं. ओढताना मान वाकण्याऐवजी आकडा मुळातून कलतो, अख्खाच्या अख्खा निसटतो आणि वळण शाबूत राहतं. सुटल्याबरोबर त्यावर गार हवेचा झोत मारला की तो ताठ उभा राहतो. सोलण्याआधी गार करायचं, हे सगळ्यांना ठाऊक; आम्ही सोलताना पाठ तापवत होतो.

अर्जावर आम्हा दोघांची नावं गेली. अर्जाचा गाभा म्हणजे त्यातले दावे, आपली हद्द कुठवर हे सांगणारी वाक्यं. आमचे वीस दावे होते. पहिला सर्वांत रुंद: बंद खाचांचा फिरता साचा आणि सोलताना पाठीमागून उष्णता, एवढंच. किती उष्णता, ते त्यात नव्हतं. सातव्यात होतं: साच्याचा रूळ आणि सोलणारा रूळ या दोन रुळांच्या तापमानात किमान 40 अंश सेल्सिअसचा फरक. आठव्यात त्याला हवेच्या झोताची जोड. पहिला दावा इतका मोकळा ठेवायचा आग्रह माझा होता. कुणी 38 अंशांवर आमची नक्कल केली तर, ही भीती मला होती. त्या आग्रहाची किंमत पुढे कळली.

परीक्षकांनी अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम 103 खाली वीसही दावे नाकारले. या कलमाचा अर्थ असा: वस्तू किंवा रीत नवी असून भागत नाही, त्या कामातल्या सामान्य जाणकाराला ती सहज सुचण्याजोगीही नसावी. हे कसं तपासायचं ते सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर या खटल्यात सांगून ठेवलं आहे. तो खटला खडकाळ जमिनीत नांगराचा दांडा मोडू नये म्हणून केलेल्या जोडणीचा होता. आधीचं ज्ञान काय होतं, दाव्यात त्याहून वेगळं काय आहे, आणि त्या कामातला सामान्य माणूस किती जाणता, हे आधी पाहायचं. 2007 च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या मोटारीच्या पेडलच्या खटल्यात त्याच न्यायालयाने अर्जदाराची वाट आणखी अवघड केली. जुन्या दोन गोष्टी जोडायची सूचना जुन्या कागदांत शब्दशः सापडलीच पाहिजे असं नाही. सामान्य जाणकाराकडेही सामान्य कल्पकता असते, तो यंत्रमानव नव्हे, असं न्यायालय म्हणालं. वाचताना मला ते पटलं होतं. आमचा ऑपरेटर यंत्रमानव नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

परीक्षकांनी फिरत्या साच्याच्या पेटंटला प्लास्टिकच्या फिल्मवर नक्षी उठवण्याचं एक जुनं पेटंट जोडलं. त्या दुसऱ्यात फिल्मला सुरकुत्या पडू नयेत म्हणून मागचा रूळ कोमट ठेवलेला होता. परीक्षक म्हणाले, पट्टी सपाट राहावी म्हणून कुणीही हा कोमट रूळ आकड्यांच्या यंत्राला लावला असता. आणि 40 अंश म्हणाल, तर कमीजास्त करून योग्य तापमान शोधणं हे रोजचंच काम आहे.

ते वाचून मला आठवडाभर नीट झोप आली नाही. उत्तर हाती आलं की प्रश्न सोपा दिसतो, याचा राग येत होता. आमच्या वकीलबाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, “तुमचा राग मला लिहिता येत नाही. काय काय फसलं ते सांगा.” तेव्हा मी तो तुकड्यांचा डबा आणि नोंदवही आणली. त्यांनी वही दोनदा वाचली. त्यातून माझं प्रतिज्ञापत्र तयार झालं: 10, 20, 30, 40, 50 अंशांच्या फरकाला बनवलेल्या पट्ट्या, प्रत्येकीची सोलण्याची आणि घसरण्याची ताकद प्रमाणित चाचण्यांनी मोजलेली. 20 ला पट्टी नेहमीपेक्षा वाईट, 30 ला जेमतेम, 40 ला मोठी झेप. आलेख हळूहळू चढत नव्हता. आधी खड्ड्यात जाऊन मग उडी मारत होता. तापमान थोडं थोडं वाढवून पाहणारा सामान्य इंजिनिअर 20 वर पोहोचला की मागे फिरला असता. पाणी चालू असतं तर आमचा ऑपरेटरही फिरला असता.

तरीही 2012 मध्ये अंतिम नकार आला. आता दोन वाटा होत्या. दावे आकसून पुन्हा परीक्षकांपुढे जायचं, किंवा अपील. मालक साधा माणूस. त्याने विचारलं, “आपलं म्हणणं खरं आहे का?” मी हो म्हटलं. “मग जाऊ.”

अपिलाआधी एक लहान पायरी असते: पाच पानांत चूक दाखवून द्यायची, आणि आमच्या परीक्षकांसह तिघे परीक्षक बसून ठरवतात की प्रकरण पेटंट कार्यालयाच्याच अपील मंडळापुढे न्यायचं की नाही. उत्तर एका ओळीत आलं: पुढे जा. मग मुख्य कैफियत. तिचा सहावा खर्डा झाला तेव्हा ‘आश्चर्यकारक’, ‘अभिनव’ असे माझे सगळे शब्द वकीलबाईंनी काढून टाकलेले होते. उरलं ते नुसतं बांधकाम: पान अमुक, ओळ तमुक, जुन्या पेटंटात हे म्हटलंय, हे म्हटलेलं नाही. परीक्षकांनी त्यावर लेखी उत्तर दिलं, दोन महिन्यांत आम्ही प्रत्युत्तर दिलं. प्रकरण मंडळाकडे पाठवायचं 2,000 डॉलरचं नवं शुल्क 2013 च्या मार्चमध्ये लागू झालं होतं. लहान कंपनी म्हणून आम्हाला ते निम्मं पडलं. तोंडी सुनावणी हवी असल्याचा अर्जही केला.

मग शांतता. त्या सुमारास मंडळापुढे पंचवीस हजारांहून अधिक अपिलं पडून होती, आणि सप्टेंबर 2012 मध्ये नव्या कायद्याने मंडळाचं नाव आणि कामही बदललं होतं. आमची पाळी 2015 च्या वसंतात आली. तोवर माझी मुलगी चालायला लागून शाळेतही जायला लागली होती. तिच्या बुटांच्या पट्ट्या उघडमिट करताना मला दर वेळी दावा क्रमांक 7 आठवायचा.

सुनावणी व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला, ड्युलनी स्ट्रीटवरच्या मॅडिसन इमारतीत. मी खिशात दोन तुकडे घेतले होते, एक 20 अंशांचा आणि एक 40 चा. बोटाने नुसतं चाचपलं तरी फरक कळतो. दाराशी वकीलबाईंना ते दाखवले तर त्या म्हणाल्या, “खिशातच ठेवा. कागदावर जे आधी दिलं, तेवढंच इथे आहे.” मला ते फार लागलं. सहा वर्षांचं काम बोटाच्या टोकावर होतं आणि ते कुणाच्या हाती देता येत नव्हतं. नियम का आहे ते मला समजतं; परीक्षकांनी जे पाहिलंच नाही त्यावरून त्यांचा निर्णय चूक कसा ठरवायचा? तरी लागलं.

तीन न्यायाधीश, आम्हाला वीस मिनिटं. परीक्षक आले नव्हते. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, “समजा, एका इंजिनिअरने निव्वळ पट्टी सपाट ठेवायला कोमट रूळ लावला. तुमचं कारण त्याच्या मनात नव्हतं. तरी तुमच्या पहिल्या दाव्यातली प्रत्येक गोष्ट त्याने केली की नाही?”

माझे हात गार पडले, कारण उत्तर ‘हो’ होतं. वकीलबाईंनी तक्त्याकडे बोट दाखवलं: 20 ला माल बिघडतो, म्हणजे त्या इंजिनिअरने तो रूळ काढून टाकला असता. न्यायाधीश म्हणाले, “पण तुमचा पहिला दावा 20 अंशांनाही लागू होतो ना?” तो मोकळा दावा माझा होता. मी मागच्या खुर्चीत बसले होते आणि मला बोलायची मुभा नव्हती. मुभा असती तरी काय बोलणार होते?

उजवीकडच्या न्यायाधीशांनी सातव्या दाव्याबद्दल विचारलं: दोन रुळांच्या तापमानातल्या फरकावर आकड्याचा आकार अवलंबून असतो, हे जुन्या कागदांत कुठे आहे का? वकीलबाई म्हणाल्या, कुठेच नाही. परीक्षकांनीही दाखवलेलं नाही. आणि त्यांनी 1977 चा अँटनी प्रकरणाचा निकाल पुढे ठेवला. ते सांडपाणी शुद्ध करणाऱ्या फिरत्या चकत्यांचं प्रकरण होतं. टाकीचं आकारमान आणि चकत्यांचं क्षेत्रफळ यांचं गुणोत्तर कामावर परिणाम करतं हे कुणाला ठाऊकच नव्हतं, तेव्हा ते गुणोत्तर शोधणं नेहमीची जुळवाजुळव म्हणता येणार नाही, असं तिथे ठरलं होतं. जी कळ आहे हेच माहीत नाही, ती फिरवून कोण पाहील? हे वाक्य माझं. वकीलबाईंनी ते कोरड्या शब्दांत सांगितलं आणि ते बरंच झालं.

सहा आठवड्यांनी निकाल आला. परीक्षकांचा निर्णय अंशतः कायम. पहिला दावा आणि त्याच्यासोबतचे बहुतेक दावे गेले: सपाटपणासाठी कोमट रूळ लावायचं कारण पुरेसं आहे, ते संशोधकाचंच कारण असायला हवं असं नाही, आणि आमचा पुरावा 40 अंशांच्या पुढचा असल्याने एवढ्या रुंद दाव्याला तो पुरत नाही. सातवा आणि आठवा मात्र वाचले. दोन्ही परिच्छेदांत ऑपरेटरच्या नोंदींवरून केलेल्या माझ्या तक्त्याचा उल्लेख होता.

मी पहिला भाग पुन्हा पुन्हा वाचला. चूक सापडावी अशी फार इच्छा होती. सापडली नाही. 63 दिवसांत फेडरल सर्किट न्यायालयात जाता आलं असतं. मालकाने माझ्याकडे पाहिलं आणि मीच नको म्हटलं. सातवा आणि आठवा दावा स्वतंत्र करून लिहून दिले, आणि 2016 च्या आरंभी पेटंट मिळालं. 38 अंशांवर अजून तरी कुणी आमची नक्कल केलेली नाही. तिथे चांगला माल निघतच नाही.

निकालाच्या दिवशी मी आधी कारखान्यात फोन केला. ऑपरेटर पाळीवर होता. मी निकालातला तो परिच्छेद वाचून दाखवला. यंत्राच्या आवाजात त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा वाचला.

मग आप्पांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 20 ला बिघडतं आणि 40 ला सुधारतं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “उन्हाळ्यात तार तुटायला लागली की आम्ही मागाखाली पाणी मारत होतो. थोडं मारलं तर काही उपयोग नसायचा, उलट जमीन वाफ टाकायची. भरपूर मारलं की मग हवा धरायची.”

“भरपूर म्हणजे किती, आप्पा?”

“आता ते कसं सांगू? हाताला माहीत होतं.”

“आठवा ना. सहा मागांना किती बादल्या?”

ते मोजू लागले, मधेच आईला हाक मारून विचारू लागले, आणि मी टेबलावर पेन शोधू लागले.